साहेबांची जागा

“ऊठ. ती साहेबांची जागा शे.”

बाई हे म्हणेपर्यंत मी बसून चुकलो होतो. सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात खेळाचा रिमोट ठेवलेला होता आणि मी नेमका त्याच्यावर, लग्नानंतर कमावलेल्या सगळ्या वजनानिशी, बसलो होतो. समोर टीव्हीवर नदी होती, नदीत होडी होती. दोघांनी वल्हवायची होडी. उजवं वल्हं एका रिमोटवर, डावं दुसऱ्यावर. बाई रोज संध्याकाळी एकट्या उजवं वल्हं मारायच्या आणि होडी जागच्या जागी गरगरायची. मी बसलो आणि डावं वल्हं हललं. होडी सरळ सुटली, जरा पुढे गेली, खडकावर आपटून फुटली.

आणल्यापासून ती होडी पहिल्यांदा पुढे गेली ती माझ्या बुडाच्या कर्तबगारीनं. बाईंना त्याचं काही कौतुक वाटलं नाही. त्यांनी माझ्या खालून रिमोट काढून घेतला, पदरानं पुसला, होता तिथे ठेवला आणि माझ्यासाठी आतून प्लास्टिकची खुर्ची आणली.

“आठे बस. आनि मन्हाकडे तोंड करीसन बस.”

बाई म्हणजे शहाद्याला आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या. मोलगीकडच्या एका आश्रमशाळेत सगळी नोकरी काढून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. अशी बाई तुमच्याही गल्लीत असेल, जिच्या आवाजानं दूधवाला माप नीट घालतो. साधं बोलताना त्या शाळेतलं मराठी बोलत, राग आला की घरची अहिराणी. आम्हाला त्यांची अहिराणीच जास्त ऐकायला मिळे.

त्यांची एक खोड होती. बोलताना समोरच्याचं तोंड दुसरीकडे असेल, तर त्या त्याचं कोपर धरायच्या आणि त्याला आपल्याकडे वळवायच्या. गॅसची टाकी आणणारा, वीजबिल टाकणारा, आमदारकीची मतं मागायला आलेला, सगळ्यांना एकच न्याय. मोबाइलकडे बघत बोलणाऱ्या आमच्या प्राचार्यांना त्यांनी भर मंगल कार्यालयात असं फिरवलं होतं, हातातल्या जिलबीसकट.

“पाठ दावू नको,” एवढंच म्हणायच्या.

एकदा मी विचारलं, हे काय आहे बाई. तेव्हा त्या चक्क शांतपणे बोलल्या. “नवीन होते तेव्हा मला तिकडची पावरी बोली येत नव्हती आणि पोरांना मराठी येत नव्हतं. पोरगं भुकेलंय का तापलंय, घरच्या आठवणीनं रडतंय का दात दुखतोय, हे तोंड बघूनच कळायचं. पाठीवरून काही कळत नाही, भाऊ. पाठ सगळ्यांची सारखीच.”

साहेब म्हणजे त्यांचे यजमान. शेतीखात्यात होते. त्यांची नोकरी सगळी खाली सपाटीवर, बाईंची वर डोंगरात. शनिवारी जीप मिळाली तर भेट, पावसाळ्यात घाट बंद झाला की तीही नाही. दोन नोकऱ्यांचा संसार आपल्याकडे असाच असतो, त्यात नवल नाही. पण बाईंनी त्यावर एक हिशेब बांधून ठेवला होता, पुढच्या काळाचा. निवृत्त झालो की समोरासमोर बसायचं. दुसरं काही मागणं नव्हतं. ना चारधाम, ना परदेश. समोरासमोर बसायचं.

आणि साहेब निवृत्त झाले त्या महिन्यात सुरतेच्या मुलानं त्यांना संगणक पाठवला.

तो जोडायला मला बोलावलं. मी अकरावी-बारावीला वाणिज्य शिकवतो, पण एकदा कुणाचा तरी प्रिंटर चालू करून दिल्यापासून कॉलनीत माझी गणना तज्ज्ञांत होते. मागच्या खोलीत प्लग एकाच भिंतीला होता आणि वायर आखूड. तेव्हा टेबल भिंतीला, तोंड भिंतीला, पाठ दाराला. घरोघरी माणसांच्या पाठी घराकडे झाल्या त्या बहुतेक अशाच, एका प्लगपायी. बाई मात्र तो दोष प्लगला देत नसत. “तूच यास्नं तोंड भिंतडाकडे करं,” हे त्या मला चारचौघांत ऐकवत.

साहेब त्या संगणकावर काय करत, तर शेती.

खरं सांगतो. त्या खेळात ट्रॅक्टर होता, मळणीयंत्र होतं, क्षितिजापर्यंत गहू होता. साहेब कानाला हेडफोन लावून सकाळी नांगरायला बसत ते दिवे लागेपर्यंत नांगरत. आणि कळसाडीला त्यांचं स्वतःचं, वडिलोपार्जित, काळंभोर वावर होतं. ऊस आणि कापूस पिकवणारं. ते दिलं होतं वाटेकऱ्याला.

“खरं वावर लोकेसले दिधं आनि हाऊ माणूस खोटं वावर नांगरी ऱ्हायना,” बाई कुंपणावरून माझ्या बायकोला सांगत. माझी बायको भाजी निवडता निवडता म्हणे, “बाई, निदान चिखल तरी घरात येत नाही.” बाई हसत नसत.

चहा ही त्यांची मोजपट्टी होती. कप साहेबांच्या मागे तिपाईवर ठेवायचा, काही बोलायचं नाही, दारात उभं राहायचं. साहेब मागे न बघता एक बोट वर करत. म्हणजे एक मिनिट. कप तसाच राही. “साय धरी गई,” बाई स्वयंपाकघरात येऊन म्हणत, आणि तो चहा मोरीत ओतत. ओतण्याच्या आवाजावरून आम्हाला भिंतीपलीकडे कळे, आज राग किती आहे.

मग एके दिवशी त्या माझ्याकडे आल्या. “तुम्ही शिकवता ना. मग मला सांगा, खेळायला काही लोक संगणक घेतात, काही लोक टीव्हीला जोडायचा तो डबा घेतात. कोण काय म्हणून घेतं?”

मला असं कुणी विचारत नाही. घरात तर मुळीच नाही. मी मांडी घालून बसलो आणि व्याख्यान सुरू केलं. संगणकावर चित्र जास्त देखणं, सुटे भाग बदलता येतात, खेळ स्वस्त पडतात, वर पत्रं-बित्रं लिहिता येतात. माऊसनं नेम अचूक बसतो. लाइट गेली तर यूपीएस आहे, आपल्याकडे हे महत्त्वाचं. डब्याचं काय, तर डोकं लावावं लागत नाही. जोडा, बसा, खेळा. वर्षानुवर्षं काही बदलावं लागत नाही.

“ते राहू द्या. दोन माणसं एका सोफ्यावर बसून कशावर खेळतात?”

“डब्यावर.”

“मग एवढं पुराण कशाला लावलं?”

माझा मुलगा वसतिगृहात संगणकावर खेळतो, पण एकटा नसतो, इंदूरचे नि नागपूरचे मित्र हेडफोनवर बोलत असतात, असं मी बचावाचं सांगून पाहिलं. बाईंनी विचारलं, “तोंड दिसतं का त्यांचं?” मी म्हटलं नाही. त्यांनी माझ्या कोपराला धरलं. मी त्यांच्याकडेच बघत होतो, तरी.

आम्ही नंदुरबारला गेलो. दुकानातला पोरगेला मालक म्हणाला, “काकू, नातवाला?” बाई म्हणाल्या, “नवऱ्याले.” त्यानं डबा दिला, दोन रिमोट दिले आणि आताच आलेला म्हणून गाड्यांच्या शर्यतीचा खेळ दिला.

घरी आल्यावर कळलं की त्या खेळात दोन रिमोटचा काही उपयोग नाही. एका वेळी एकच खेळणार. दुसऱ्याला खेळायचं असेल तर त्यानं आपल्या घरी बसावं, आपला डबा घ्यावा, आपलं इंटरनेट घ्यावं, मग हे दोघे एकमेकांच्या मागे गाड्या पळवणार. मी ते खोक्यावरून वाचून दाखवलं. बाईंनी दोनदा वाचायला लावलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा नंदुरबार. मी बायकोला म्हटलं, मी नुसता सोबत जातोय. ती म्हणाली, “तुम्ही मध्ये पडू नका. तुम्ही पडलात की दोन्हीकडच्यांना लागतं.”

दुकानदार सज्जन होता. म्हणाला, “काकू, आता असेच येतात खेळ. जो तो आपापल्या घरी बसून खेळतो. कंपनीला पण बरं, प्रत्येकाला वेगळा डबा लागतो.”

“एकटं बसाले मले डबडा कसाले जोयजे?” बाईंचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. “एकटी तर मी मोलगीमा बसेल होती. बिनपैसाना. दोन रिमोट देतस आनि एकलेच खेळू देतस? मंग दुसरा काय पूजाले ठेवाना?”

मला इतरांच्या भांडणात लाज वाटते, पण त्या दिवशी नाही वाटली. मलाही राग आला. अजून येतो. एका सोफ्यावर दोघं बसतात, एक हरतो, दुसरा त्याच्या पाठीत गुद्दा घालतो, तिसरा म्हणतो आता माझा डाव. एवढी साधी गोष्ट, आणि ती कुणाला तरी परवडेनाशी झाली. नफा कुठे आहे त्यांना कळलं. माणसं वेगवेगळ्या खोल्यांत बसली की नफा. मी दुकानात हे सगळं बोललो. बाईंनी माझ्याकडे प्रथमच जरा बऱ्या नजरेनं पाहिलं. दुकानदार खाली वाकला आणि फळीच्या तळातून एक जुनी, धूळ खाल्लेली डिस्क काढून दिली. होडीची.

बाईंनी सोफ्याच्या उजव्या कोपऱ्यात आपली जागा धरली. डावीकडे साहेबांचा रिमोट. आत जाऊन सांगितलं, “अहो, होडी आणलीय. दोघांची.”

एक बोट वर झालं.

त्या दिवसापासून होडी गरगरू लागली. “तुम्ही नको,” मी एकदा डावा रिमोट धरायला पुढे झालो तेव्हा त्या म्हणाल्या. “तुम्ही धराल तर ती पुढे जाईल. मग यांना वाटेल, चाललंय.”

मी साहेबांकडेही गेलो होतो. त्यांच्या खुर्चीजवळ स्टूल ओढून बसलो तर त्यांनी एका कानावरचा हेडफोन वर केला. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, “आयुष्यभर मी लोकांचं बुडालेलं पीक बघत फिरलो. गारपीट झाली, चला. पूर आला, चला. इथे पाऊस वेळेवर येतो. पेरलं ते उगवतं.”

“मग ते बाहेर बसून टीव्हीवर करा. डब्यावरही शेती मिळते.”

“बाहेर?” साहेबांनी दाराकडे पाहिलं. “मोठ्या टीव्हीवर? मला रिमोट जमत नाही. बोटं चुकतात. ती बघणार ना.”

मला वाटतं, संगणक कुणी काय म्हणून घेतं याचं उत्तर मला तिथे मिळालं. चुकताना कुणी बघू नये म्हणून. पण हे मी बाईंना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मोरीत चहाऐवजी कपच गेला असता.

बाईंची शाळेतली एक पद्धत आम्ही ऐकून होतो. कुणी बाप मुलीला शाळेत पाठवत नसेल, तर बाई त्याच्या अंगणात जाऊन बसत. वाद नाही, समजावणं नाही. नुसतं बसायचं, त्याच्या दाराकडे तोंड करून. तिकडे दारी आलेलं माणूस तहानलेलं ठेवून घरचे जेवायला बसत नाहीत. केव्हातरी कुणीतरी तांब्या घेऊन येईच. “पाणी देवाले येस त्यानं तोंड आपलाकडे व्हस,” बाई सांगत. “मंग बोलता येस.” घरात त्यांनी तेही केलं. साहेबांच्या मागे खुर्ची टाकून बसल्या. पण इथे अंगण होतं साहेबांच्या पाठीमागे आणि त्यांचं दार, तो पडदा, होतं भिंतीत. साहेबांना पत्ताही लागला नाही.

जेठात कळसाडीहून वाटेकरी आला. पेरणी तोंडावर आलेली. उसाचा खोडवा, म्हणजे तोडल्या बुडख्यांना फुटलेला ऊस, ठेवायचा की तो काढून कापूस लावायचा, हे मालकाला विचारायला. मी तिथेच होतो, होडीजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीत. बाईंनी त्याला पाणी दिलं आणि मागच्या खोलीत पाठवलं. आम्हीही मागोमाग दारापर्यंत गेलो.

“दादा, खोडवा ठेवू का कापूस लावू?”

बोट वर झालं. “थांब. मळणी चालू शे.”

वाटेकरी उंबऱ्याशी उकिडवा बसला आणि बघत राहिला. बराच वेळ. पडद्यावर गव्हाची रास ट्रॉलीत पडत होती.

“गहू झकास शे, दादा. कोणा शे?”

“मन्हा.”

“आनि कळसाडीनं वावर कोणं शे?”

साहेबांनी ऐकलं की नाही, माहीत नाही. हेडफोन होता. वाटेकऱ्यानं पेला बाईंच्या हातात दिला, “येस मी, बाई,” म्हणाला आणि चपला घालून निघून गेला. तो चिडलेलाही नव्हता. त्याला आमच्या सगळ्यांची कीव आल्यासारखं दिसलं, आणि ते मला फार लागलं.

बाई आत गेल्या. मला वाटलं, प्लग उपटतात. प्लग नाही उपटला. साहेबांची खुर्ची चाकांची होती. बाईंनी साहेबांचं कोपर धरलं आणि खुर्चीसकट त्यांना आपल्याकडे वळवलं. हेडफोनची वायर सुटली आणि ट्रॅक्टरचा आवाज सगळ्या घरात भरला.

“आठे दखा. मी कोन शे?”

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. मग मान वळवून पडद्याकडे पाहिलं.

“थांब ना जरासी. ट्रॅक्टर चालू शे.”

बाईंनी हात काढून घेतला. खुर्ची साहेबांनी पायानं रेटून पुन्हा भिंतीकडे फिरवली. ज्या बाईंचा आवाज आम्ही भिंतीतून ऐकत आलो, त्या बोलल्या नाहीत, आणि मी, ज्याचा या घराशी काही संबंध नाही, त्या साहेबांच्या पाठीकडे बघून धुमसत होतो.

मोलगीजवळ बाईंच्या एका जुन्या विद्यार्थिनीनं शाळेत जाणाऱ्या मुलींसाठी राहायची सोय केली आहे. ती कधीची बोलावत होती. दुसऱ्या सकाळी बाजारची जीप दारात आली. चालवणाराही बाईंचाच जुना विद्यार्थी. ट्रंक वर चढली. बाईंनी मला बोलावलं.

“तो रिमोट तिथेच राहू द्या.”

“बाई, किती दिवस?”

त्यांनी माझं कोपर धरून मला आमच्या घराकडे वळवलं. “तुन्ही बायको घरमा शे ना?”

“शे.”

“मंग आठे काय करी ऱ्हायना?”

जीप गेली.

साहेबांना संध्याकाळी कळलं. म्हणजे चहा आला नाही तेव्हा. ते बाहेरच्या खोलीत आले. बाईंनी टीव्ही चालू ठेवला होता की साहेबांनीच लावला, मला माहीत नाही. मी गेलो तेव्हा ते डाव्या कोपऱ्यात, आपल्या जागी, रिमोट घेऊन बसले होते. होडी गरगरत होती. उलट्या बाजूनं, एवढाच फरक.

“ही पुढे कशी जाते?”

“दोघं लागतात, साहेब.”

त्यांनी रिकाम्या उजव्या कोपऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “मला माहीत नव्हतं.”

मी भडकलो. माझ्या आवाजाला सहसा वर्गातली मागची बाकंही दाद देत नाहीत, पण त्या दिवशी माझी बायको कुंपणापाशी आली. माहीत नव्हतं म्हणजे काय, म्हटलं. रोज बाई इथे बसायच्या, तुमच्यापासून दहा पावलांवर, एक वल्हं घेऊन. तुम्ही विचारलं कधी? मान वळवायला काय ट्रॅक्टर लागतो?

साहेब रागावले नाहीत. मला वाटलं, ते मला वल्हं मारायला सांगतील, म्हणून मी मुकाट्यानं उजव्या कोपऱ्याकडे सरकलो.

“तिथे नको,” ते म्हणाले. “ती तिची जागा.”

पुढच्या बाजारच्या दिवशी त्यांनी घराची किल्ली माझ्याकडे दिली आणि त्याच जीपमध्ये बसले. सोबत पिशवी होती, त्यात एक लुंगी आणि रक्तदाबाच्या गोळ्या.

पुढच्या खेपेला जीप खाली आली तेव्हा मी स्टँडवर गाठून विचारलं. जीपवाला चाकात हवा बघत होता.

“साहेब अंगणमा बसेल शेतस. सकायथीन. रातले मन्हा घर झोपतस, उठनात की परत जाईसन बसतस.”

“आणि बाई?”

“शिकाडी ऱ्हायन्यात. फळ्याकडे तोंड. यास्नाकडे पाठ.”

मी रोज संध्याकाळी ते घर उघडतो, तुळशीला पाणी घालतो. मागच्या खोलीत चाकांची खुर्ची भिंतीकडे तोंड करून रिकामी. बाहेर सोफा, दोन कोपऱ्यांत दोन रिमोट. मी प्लास्टिकच्या खुर्चीत बसतो. दुसरीकडे बसायची माझी हिंमत नाही.

काल पुन्हा बाजार होता. जीपवाला मला शोधत कॉलेजात आला. वर्गाच्या दारात उभा राहून म्हणाला, “सर, आज बाईनी पाणी आणी दिधं.”

“बोलल्या?”

“नही. बोलनी नही.” त्यानं जरा विचार केला. “पण तांब्या देवानंतर तठेच उभी राहिनी.”

“कुणीकडे तोंड करून?”

“साहेबकडे.”

हे सगळं मी आज लगेच लिहायला बसलो, कारण राग थंड झाला की मला लिहिता येत नाही. आमच्या घरातही प्लग भिंतीतच आहे. शेवटची ओळ जुळवत होतो, तेव्हा मागून बायकोचा आवाज आला. तो रागाचा नव्हता.

“अहो,” ती म्हणाली, “साय धरी गई.”